लाडू वळला, की बर्फ ओला

डिसेंबर जवळ आला की घाटावरून असो की घाटाखालून, एक प्रश्न हमखास येतो : "केदारकंठा ट्रेकला चाललोय, थंडी किती असते?" रात्री उणे पाच, कधी उणे दहा, असं सांगितलं की माणूस जाड जॅकेट घेतो आणि निश्चिंत होतो. मीपण तसाच गेलो होतो. पण आमची खरी फजिती झाली ती शून्याच्या आसपास, भर दुपारी.

आधी हिशेब बघा. केदारकंठा उत्तरकाशी जिल्ह्यात, उंची साधारण 3,800 मीटर. चढाई सुरू होते सांकरी गावातून, ते साधारण 1,950 मीटरवर. (आपलं बुलढाणा शहर साडेसहाशेच्या आसपास, आणि आपण त्यालाच थंड हवेचं ठिकाण म्हणतो!) हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. सांकरीत दुपारी 8 अंश असले, तर शिखरावर उणे चार. म्हणजे शून्याची रेघ मधेच कुठेतरी, तुमच्या पायवाटेवरच. दिवसा ती वर सरकते, रात्री खाली उतरते.

बर्फ कसा आहे ते कळायला यंत्र लागत नाही. मूठभर उचला. रव्यासारखा सांडला तर कोरडा. लाडू वळला तर ओला. आणि दाबल्यावर पाणी निथळलं, तर उभ्या उताराखालून जाऊ नका. पाणी मुरलेला बर्फ जड होतो, त्याची पकड सुटते आणि तो घसरून खाली येतो.

पावसाळ्यात काळ्या मातीतून चाललेल्या माणसाला पुढचं लगेच समजेल. चपलेला चिखल चढत जातो, पाय उचलवत नाही. ओला बर्फ बुटाखालच्या काट्यांना तसाच चिकटतो. गोळा झाला की काटे जमिनीला टेकतच नाहीत, पाय सरकतो. दर थोड्या पावलांनी काठीने बूट ठोकायचा.

पण चिखलात आणि यात एक मोठा फरक आहे. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी उष्णता लागते. मोज्यावर, पँटवर वितळणारा बर्फ ती तुमच्या अंगातून काढून घेतो. वर पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून उणे आठची कोरडी सकाळ परवडली, पण अधिक एकची ओली दुपार नको.

माझा भाचा मलकापूरचा, विशीतला, तगडा. शेवटच्या कॅम्पच्या वर आम्ही निघालोच उशिरा. ऊन चढलं, बर्फ भुसभुशीत झाला, गुडघ्यापर्यंत पाय जायला लागले. त्याच्या अंगात जीन्स, आत सुती बनियन. दोन्ही भिजलं. एरवी एक मिनिट गप्प न बसणारा पोरगा बोलेना. मग म्हणाला, "मामा, मले झोप येऊन राह्यली." जीभ जड झालेली, पाय अडखळत होते. शिखर समोर दिसत होतं. आम्ही फिरलो. तंबूत त्याचे ओले कपडे काढले, कोरडे घातले, स्लीपिंग बॅगमध्ये घातलं, गोड चहा पाजला. तासाभराने त्याने मला शिव्या घातल्या, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. कुडकुडणारा माणूस सावरता येतो. ओला माणूस कुडकुडायचा थांबला आणि पेंगायला लागला, तर पहिली मदत बोलवा.

म्हणूनच तिथे रात्री दोन-तीनला निघतात. सूर्योदयाचे फोटो हा वरचा फायदा. पहाटे वरचा थर गोठून कडक असतो, पाय आत जात नाही. उतरताना मात्र खडक आणि झाडाच्या बुंध्यापासून लांब चाला, तिथे बर्फ आतून पोकळ असतो.

कपड्यांचं थोडक्यात : अंगाला सुती काही नको. लोकर भिजली तरी थोडी ऊब धरते. पिसांचं जॅकेट भिजलं की चिपाड. पोटरीवर गेटर बांधा. कोरड्या मोज्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत, फक्त झोपताना घालायला. पाय गोठला नाही तरी तासन्‌तास ओला-गार राहिला की बधिर होतो, सुजतो. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांचे पाय असेच गेले, 'ट्रेंच फूट' हे नाव तिथलंच.

राजूर घाटात चढायचा सराव करताय, उत्तम, दम वाढतो. सोबत घरी जाड हातमोजे घालून बुटाची नाडी बांधून बघा. भाच्याला त्या दुपारी मोजे काढूनही ती सोडता आली नव्हती, मी सोडली.