वर्ड प्रोसेसर : पडदा येण्याआधीची गोष्ट

वर्ड प्रोसेसर म्हटलं की आज आपल्या डोळ्यांपुढे संगणकाचा पडदा येतो. पण ज्या यंत्रामुळे हा शब्द कचेऱ्यांमध्ये शिरला, त्याला पडदा नव्हताच.

१९६४ साली आयबीएमने अमेरिकेत एमटी/एसटी नावाचं यंत्र विकायला काढलं. म्हणजे त्यांचाच सिलेक्ट्रिक टाईपरायटर, ज्यात अक्षरांच्या दांड्यांऐवजी फिरता गोळा असतो, आणि त्याच्या जोडीला चुंबकीय फितीचं कपाट. कळ दाबली की अक्षर कागदावर उमटे आणि फितीवरही नोंदलं जाई. चूक झाली तर मागे यायचं आणि त्यावरच बरोबर अक्षर मारायचं. कागदावर गिचमिड, फितीवर मात्र जुनं पुसून नवं बसलेलं. मग कोरा कागद लावून फीत चालवली की यंत्र सेकंदाला साधारण १५ अक्षरांच्या वेगाने स्वच्छ प्रत काढून देई.

यात एवढं काय? असं बघा, दहा पानी करारात साहेबांनी तिसऱ्या पानावर एक परिच्छेद घातला की पुढची सगळी पानं पुन्हा टाईप. पुन्हा टाईप म्हणजे नव्या चुका, पुन्हा तपासणी. ज्यांनी टायपिंगची नोकरी केली आहे त्यांना हे सांगायला नकोच. दोन फितींचं यंत्र असेल तर एकीवर पत्राचा मजकूर, दुसरीवर नावं-पत्ते, आणि प्रत्येक पत्र नव्याने टाईप केल्यासारखं!

मेख एवढीच की फितीवर काय आहे ते दिसत नसे. कुठला मजकूर कुठे आहे, हे चालवणारीला डोक्यात ठेवावं लागे. ब्रिटिश कादंबरीकार लेन डेटन यांनी हे यंत्र लंडनच्या घरी आणलं, तेव्हा ते आत घ्यायला खिडकी काढावी लागली होती. त्यावर तयार झालेली ‘बॉम्बर’ ही कादंबरी १९७० साली आली. यंत्रावर बसायच्या त्या मात्र त्यांच्या सेक्रेटरी.

आमच्या मते खरा बदल इथेच आहे. यंत्र महाग, म्हणून ते रिकामं बसता कामा नये. मग मोठ्या कंपन्यांनी ‘वर्ड प्रोसेसिंग सेंटर’ काढली आणि सेक्रेटरीच्या कामाची फाळणी झाली. एकीकडे फोन, फायली, भेटीगाठी. दुसरीकडे दिवसभर फक्त टायपिंग, तेही कुणाकुणाच्या मजकुराचं. कष्ट वाचले हे खरं, पण साहेबाशी असलेली ओळख आणि त्यातून मिळणारी बढतीची वाटही अनेकींच्या हातून गेली.

गंमत म्हणजे आयबीएमला टक्कर द्यायला उभी राहिली तीही एक बाई. एव्हलिन बेरेझिन या संगणक-अभियंत्याने १९६९ मध्ये रेडॅक्ट्रॉन कंपनी काढली. त्यांच्या यंत्राचं नाव ‘डेटा सेक्रेटरी’. आत इलेक्ट्रॉनिक चिप होत्या, पण सुरुवातीला पडदा यालाही नव्हता.

मजकूर कागदाआधी डोळ्यांपुढे आणणारी वांग कंपनीची प्रणाली आली १९७६ मध्ये. तिच्याकडे आपण पुढच्या व्याख्यानात वळू.