रंगीत आणि कृष्णधवल छायाचित्रांसाठी दोन प्रिंटर हवेत का?

जुन्या अल्बममधील कृष्णधवल छायाचित्र स्कॅन करून मोठे करावे आणि चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावावे, अशी अनेक कुटुंबांची इच्छा असते. मात्र स्टुडिओतील ट्यूबलाइटखाली निर्दोष वाटलेले चित्र घरच्या उजेडात हिरवट किंवा गुलाबी दिसू लागले, तर ग्राहक ते परत आणतो. रंगीत छायाचित्रे सुरेख छापणाऱ्या यंत्राकडून असे का घडते आणि त्यासाठी दुसरे यंत्र घ्यावे का, हा लहान स्टुडिओचालकासाठी मोठ्या खर्चाचा प्रश्न आहे.

दोषाचे मूळ शाईत आहे. साध्या इंकजेट प्रिंटरमध्ये सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शाया असतात. फिकट राखाडी छटा केवळ काळ्या शाईच्या विरळ ठिपक्यांनी छापल्यास कणीदार दिसते. म्हणून यंत्र ती तीन रंगांच्या मिश्रणातून साधते. त्यांचा तोल किंचित ढळला, की राखाडीवर रंगाची झाक चढते. प्रकाश बदलला की ही झाकही बदलते. रंगीत चित्रात ती सहज लपते. कृष्णधवल चित्रात तिला लपायला जागाच नसते.

सहा रंगांच्या अनेक प्रिंटरांत जादा शाया फिकट सायन आणि फिकट मॅजेंटा असतात. त्यांनी त्वचेच्या छटा मऊ उतरतात, राखाडीचा प्रश्न मात्र सुटत नाही. पासपोर्ट छायाचित्रांसाठी वापरल्या जाणाऱ्या डाय-सब्लिमेशन यंत्रांच्या रिबनमध्ये सहसा काळा रंगच नसतो. तेथे काळाही तीन रंगांतूनच घडतो.

यावरचा उपाय म्हणजे राखाडी शाई. एप्सनने 2005 मध्ये काळ्याच्या तीन घनता असलेली पिगमेंट शाई बाजारात आणली. गडद, मध्यम आणि फिकट काळ्यातूनच बहुतेक छटा तयार होऊ लागल्याने रंगीत शाईचा वापर नाममात्र उरला. कॅननच्या व्यावसायिक छायाचित्र प्रिंटरांतही राखाडी शाई असते. अशा एकाच यंत्रावर दोन्ही कामे समाधानकारक होतात.

स्वतंत्र कृष्णधवल प्रिंटर ही त्यापुढची पायरी. यात रंगीत शाया पूर्णपणे काढून सर्व कप्प्यांत काळ्या-राखाडी शाया भरल्या जातात. ‘पिएझोग्राफी’ ही अशीच एक प्रणाली. सावलीतील तपशील आणि छटांमधील संक्रमण त्यात विलक्षण तलम उतरते. परंतु असे यंत्र पुन्हा रंगीत कामासाठी वापरायचे, तर शाईचा मार्ग आणि हेड धुऊन काढावे लागते. एका यंत्राने आलटून पालटून दोन्ही कामे करण्याचा विचार त्यामुळे व्यवहार्य ठरत नाही.

दुसऱ्या यंत्राची खरी किंमत खरेदीनंतर कळते. इंकजेट प्रिंटर पडून राहिला, की हेडच्या सूक्ष्म छिद्रांत शाई सुकते. ती मोकळी करण्यासाठी केलेल्या प्रत्येक सफाईत महागडी शाई वाया जाते. गोव्याच्या पावसाळ्यात कागदही ओलावा धरतो, त्याच्या कडा वळतात आणि हेडला घासतात. कागद बंद पिशवीत ठेवणे आणि आठवड्यातून एकदा तरी छिद्रांची चाचणी छापणे, ही शिस्त प्रत्येक यंत्रासाठी पाळावी लागते.

म्हणून निवडीचा निकष कामाचे प्रमाण हाच असावा. विवाह, बारसे आणि पासपोर्टची रोजची कामे असतील, तर रंगीत यंत्र पुरेसे आहे. महिन्याकाठी येणारी मोजकी कृष्णधवल कामे राखाडी शाई असलेल्या दुसऱ्या स्टुडिओकडून करून घेणे परवडते. दोन्ही कामे नियमित असतील, तर राखाडी शाईचे एकच पिगमेंट यंत्र घ्यावे. प्रदर्शनांसाठी किंवा संग्रहासाठी दर आठवड्याला कृष्णधवल मुद्रणे करावी लागत असतील, तरच स्वतंत्र प्रिंटरचा खर्च भरून निघतो.

खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या राखाडी पायऱ्यांची पट्टी छापून घ्यावी. एक दिवस ती सुकू द्यावी आणि मग खिडकीतील उजेडात, ट्यूबलाइटखाली व पिवळ्या दिव्याखाली पाहावी. तिन्ही ठिकाणी ती राखाडीच दिसली, तर दुसऱ्या प्रिंटरची घाई करण्याचे कारण नाही.