तगर: राजबिरुदांत उरलेलें नगर

उत्तर कोंकणावर राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःस मोठ्या अभिमानानें 'तगरपुरवराधीश्वर', म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी, असें म्हणवीत. कोल्हापूरच्या शिलाहारांसही हेंच बिरुद प्रिय होतें. मौज अशी कीं, यांपैकीं एकाही घराण्याची राजधानी तगर येथें नव्हती. आपल्या पूर्वजांचें तें मूळ नगर, एवढाच त्या बिरुदाचा आशय. परंतु ज्याचें नांव मिरविल्यानें राजांची प्रतिष्ठा वाढे, तें नगर होतें तरी कोठें, हें पुढें कोणास सांगतां येईना.

एकोणिसाव्या शतकांतील पंडितांनीं त्याचा पुष्कळ शोध केला. कोणी देवगिरीकडे बोट दाखविलें. पंडित भगवानलाल इंद्रजींना तें जुन्नर वाटलें, तर डॉ. भांडारकरांना धारूर. अखेर १९०१ सालीं डॉ. फ्लीट यांनीं, धाराशिवच्या ईशान्येस तेरणा नदीच्या कांठीं असलेलें तेर हेंच तगर होय, असें प्रतिपादन केलें. तगरचें तयर व तयरचें तेर, हा शब्दाचा प्रवास मराठी कानास सहज पटतो.

त्याहून बळकट पुरावा अंतराचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांचें व व्यापाराचें वर्णन लिहून ठेविलें. पैठणपासून दहा दिवसांच्या मजलेवर तगर नांवाचें फार मोठें शहर आहे, असें तो म्हणतो. पैठण ते तेर हें सरळ अंतर सुमारें १५० किलोमीटर. बैलगाडीच्या चालीला दहा दिवस बरोबर पडतात! दिशा तो पूर्व सांगतो व तेर आहे आग्नेयेस. पण दूरदेशच्या माणसाची एवढी चूक आपण पोटांत घालावी. तगरहून जाडेंभरडें कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि पूर्व किनाऱ्याकडून आलेला माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखांतून भडोचच्या बंदरीं जाई. तेरच्या पांढरींत सांपडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ति पाहिली म्हणजे इटलींतील पाँपेई येथील मूर्तीची आठवण होते. पाँपेई इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालें. त्यापूर्वींच आपल्याकडील हस्तिदंती काम तेथवर पोंचलें होतें.

अशा शहराचा प्राण त्याच्या तटांत नसून गाडीवाटेंत असतो. तिसऱ्या शतकांत सातवाहनांची सत्ता मावळली, रोमशीं चालणारा व्यापार ओसरला, आणि माझ्या मतें तगरच्या उतरत्या कळेचें मूळ तेथेंच आहे. तरी तें एका दिवसांत उजाड झालें नाहीं. इ. स. ६१२ च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीनें ज्या ब्राह्मणास दान दिलें, तो तगरचा राहणारा, असें ताम्रपट सांगतो. त्रिविक्रमाचें विटांचें पुरातन मंदिर आजही उभें आहे. मुळांत तें बौद्ध चैत्य असावें, असा विद्वानांचा तर्क आहे.

१२६५ च्या सुमारास यादव महादेवानें उत्तर कोंकणचें शिलाहार राज्य बुडविलें, आणि त्या घराण्याबरोबर तें बिरुदही गेलें. पुढें महाराष्ट्रानें तेर ओळखलें तें गोरा कुंभाराचें गांव म्हणून. आषाढी-कार्तिकीच्या वारकऱ्यास तगर ठाऊक नसेल. गोरोबाकाकांची समाधि मात्र तो विचारीत जातो.