टपाल तिकिटाएवढ्या कार्डातली स्वागतयात्रा

गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा डोंबिवलीत सुरू झाली 1999 साली, गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने. त्याच वर्षी सॅनडिस्क, पॅनासॉनिक आणि तोशिबा यांनी एसडी कार्ड जाहीर केलं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काहीच नाही. पण आज पाडव्याच्या सकाळी डोंबिवलीच्या फडके रोडवर किंवा कल्याणच्या यात्रेत कॅमेरे घेऊन फिरणाऱ्यांच्या खिशात हीच कार्डं असतात आणि दुपारी घरोघर एकच प्रश्न असतो: ‘कार्ड खाली केलं का?’

32 मिलिमीटर लांब, 24 रुंद, जाडी जेमतेम 2.1. ढोल-ताशा, लेझीम, नऊवारीतल्या दुचाकीस्वार बायका, सगळं एवढ्याशा तुकड्यात, आणि तेही इलेक्ट्रॉनांच्या रूपात. कार्डातल्या सूक्ष्म कप्प्यांभोवती विद्युतरोधकाच्या भिंती असतात. इलेक्ट्रॉन एकदा आत कोंडले की बॅटरी नसतानाही वर्षानुवर्षं तिथेच राहतात. ही फ्लॅश मेमरी तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांची. त्यातला साठा एका झटक्यात पुसला जातो, हे पाहून त्यांच्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, म्हणून हे नाव. पुढे कॅमेऱ्याची रीळ हद्दपार केली ती याच मेमरीने!

कार्ड रीडर म्हणजे या कप्प्यांचा दुभाषा. तो कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांना टेकतो आणि कार्ड संगणकाला एखाद्या ड्राइव्हसारखं दाखवतो. आत डीसीआयएम नावाचं फोल्डर दिसतं. कॅमेरा कुठल्याही कंपनीचा असो, फोल्डर हेच, कारण जपानी उत्पादकांनी 1998 मध्ये तसा संकेतच ठरवून घेतला. वेगात मात्र रीडरप्रमाणे फरक पडतो. जुन्या यूएसबी 2.0 रीडरवर 32 जीबीचं भरलेलं कार्ड उतरवायला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. वेगवान कार्ड आणि यूएसबी 3.0 रीडर असेल तर पाच-सहा मिनिटांत काम होतं.

मला सर्वांत गंमत वाटते ती कडेच्या ‘लॉक’ खटक्याची. हे कुलूप कार्डात नसतंच! खटका कुठे आहे ते रीडर किंवा कॅमेरा चाचपतो आणि लिहायचं की नाही ते ठरवतो. कार्डाला त्याचा पत्ताही नसतो.

फोटो खोडणंही असंच फसवं. कार्डावरून डिलीट केलेला फोटो बहुधा लगेच पुसला जात नाही. यादीत त्याची जागा ‘रिकामी’ अशी नोंदवली जाते, एवढंच. त्या जागेवर नवा फोटो बसेपर्यंत जुना परत मिळण्याची आशा असते. म्हणून चुकून काही खोडलं गेलं, तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका.

आणि फोटो ‘कट’ करून नेऊ नका, ‘कॉपी’च करा. संगणकावर दोन-चार फोटो पूर्ण उघडून पाहा, दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि मगच कार्ड फॉरमॅट करा, तेही कॅमेऱ्यातच.