गुग्गुळाची कसोटी : सशापासून रुग्णापर्यंत

यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावच्या नावातच बाभूळ आहे. बाभळीचा डिंक येथील ग्रामस्थांना नवा नाही. औषधी म्हणून त्याहून ख्यातनाम असलेला झाडाचा चीक म्हणजे गुग्गुळ. राजस्थान व गुजरातच्या कोरड्या प्रदेशांतील काटेरी झुडपाच्या सालीतून तो पाझरतो. त्याच्या सेवनाने रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते, असा समज रूढ आहे. तो शास्त्राच्या कसोटीवर कसा पारखला गेला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

ग्रंथातून प्रयोगशाळेत

कोलेस्टेरॉल हा शरीरास आवश्यक असा स्निग्ध पदार्थ होय. मात्र तो प्रमाणाबाहेर वाढल्यास रोहिण्यांच्या आतील आवरणात साचतो आणि हृदयविकाराचा धोका निर्माण होतो. 'सुश्रुतसंहिते'तील मेदोरोगाच्या वर्णनाशी या विकाराचे साम्य आढळल्याने डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले. गुग्गुळामुळे सशांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल घटते, असे त्यांच्या १९६६ च्या प्रबंधातून पुढे आले.

अशा प्रयोगांत सशांना कोलेस्टेरॉलयुक्त खाद्य देण्यात येते. एका गटास त्याबरोबर वनौषधी दिली जाते, दुसऱ्यास दिली जात नाही. ठरावीक मुदतीनंतर दोन्ही गटांच्या रक्ताची व रोहिण्यांची तुलना होते. औषधाचे विषारी परिणामही याच टप्प्यावर लक्षात येऊ शकतात. तथापि ससा हा शाकाहारी प्राणी. त्याच्या नैसर्गिक आहारात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. म्हणून अशा खाद्याने ते झपाट्याने वाढते. उंदरात ते सहजासहजी वाढत नाही. माणसाची प्रकृती या दोहोंहून भिन्न आहे. म्हणूनच प्राण्यांवरील यश हा पुढील चाचणीचा परवाना असतो, अंतिम निवाडा नव्हे.

माणसांवरील चाचण्या

लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने गुग्गुळापासून 'गुगुलिपिड' हे औषध सिद्ध केले. मुंबई व नागपूरसह देशातील सात शहरांत त्याच्या चाचण्या झाल्या. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार २०५ रुग्णांनी बारा आठवडे औषध घेतले आणि बहुसंख्यांचे कोलेस्टेरॉल उतरले. परंतु या रुग्णांबरोबर त्याच काळात औषधाविना ठेवलेला तुलनेचा गट नव्हता.

अमेरिकेत १०३ व्यक्तींवर झालेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असा गट होता. तेथे आठ आठवड्यांनंतर गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल हे अपायकारक कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी चार ते पाच टक्क्यांनी वाढले. काहींच्या अंगावर पुरळही उठले.

बोध काय ?

यावरून वनौषधी निरुपयोगी ठरत नाहीत; पण 'झाडपाल्याने अपाय होत नाही' ही समजूत मात्र टिकत नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करून केवळ काढा किंवा चूर्ण यांवर विसंबणे जिवावर बेतू शकते. वनौषधी घेत असल्यास तसे डॉक्टरांना अवश्य सांगावे, रक्ताची तपासणी वेळोवेळी करून घ्यावी आणि मिताहार, व्यायाम व तंबाखूचा त्याग यांची जोड द्यावी. परंपरेचा आदर तिची पारख करण्यातच आहे.