बोटभर माणसांचं रंगकाम

गिरगावात वर्षातून तीनदा लहानमोठ्या मूर्तींना रंग चढतो. श्रावण लागला की गणपतीच्या कारखान्यांत ब्रश हलायला लागतात. आश्विनात चाळींच्या अंगणात मातीचे किल्ले उभे राहतात आणि त्यांच्यावर चढवायला मावळे, तोफा, वाघ, गवळणी येतात. डिसेंबरात खोताच्या वाडीतल्या घरांमध्ये ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला जातो आणि वर्षभर गुंडाळून ठेवलेले मेंढपाळ, तीन राजे, मेंढरं आणि उंट बाहेर निघतात. कुणाचं नाक उडालेलं असतं, कुणाच्या झग्याचा निळा रंग खपलीसारखा सुटलेला असतो. मग कुणीतरी ब्रश हातात घेऊन बसतं.

या तीन ऋतूंच्या जोडीला आता एक बारमाही काम आलं आहे. अॅक्शन फिगर म्हणजे सांध्यांत हलणारे, सिनेमातल्या किंवा कॉमिकमधल्या वीरांचे प्लॅस्टिकचे पुतळे. ते घ्यायचे, सुटे करायचे, एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवायचं, नसलेलं शस्त्र किंवा पागोटं घडवायचं आणि सगळ्याला नव्यानं रंग द्यायचा. हा छंद करणारे त्याला नुसतं ‘कस्टम’ म्हणतात. ‘हा माझा कस्टम आहे’ असं सांगताना त्यांच्या आवाजात जो अभिमान असतो तो मला रास्त वाटतो. एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे. हे काही परक्या मुलखातून आलेलं वेड नाही. त्याला लागणारं जवळजवळ सगळं कसब गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेलं आहे, आणि छंद करणाऱ्यांनी ते इथल्याच रंगाऱ्यांकडून उचलायला हवं.

आधी खेळण्यांची थोडी कुळकथा. 1964 साली अमेरिकेत हॅसब्रो कंपनीनं ‘जी. आय. जो’ हा सुमारे 12 इंची सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुली विकत घेणार नाहीत या धास्तीनं त्याला ‘अॅक्शन फिगर’ म्हटलं गेलं. 1978 मध्ये केनर कंपनीनं ‘स्टार वॉर्स’ची पात्रं पावणेचार इंचांत, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटरमध्ये आणली, आणि त्या मापानं सगळा बाजार बदलला. पुतळा स्वस्त झाला, त्याच्या मापाची विमानं आणि गाड्या बनवता आल्या. ‘जी. आय. जो’सुद्धा 1982 मध्ये याच मापात नव्यानं आला.

आपल्याकडे ही मंडळी ऐंशीच्या दशकात पोचली. दूरदर्शनवर ही-मॅन दिसायचा आणि लिओ कंपनीचा ही-मॅन दुकानात मिळायचा. एमआरएफ आणि हॅसब्रो यांच्या भागीदारीतून 1987 मध्ये फनस्कूल कंपनी निघाली, तिचा कारखाना गोव्यात. या कारखान्यातून निघालेल्या ‘जी. आय. जो’ची गंमत अशी की, साचे हॅसब्रोचेच, पण रंग पुष्कळदा इथले. अमेरिकेत खाकी असलेला गडी इथे भलत्याच रंगाच्या पोशाखात निघायचा. त्या काळी आपल्याला ते कळायचंही नाही. आज परदेशातले संग्राहक हेच भारतीय रंगांचे सैनिक शोधत फिरतात. एकच साचा, वेगळा रंग आणि लगेच वेगळा माणूस, हे या छंदाचं मूळ सूत्र गोव्याच्या त्या कारखान्यानं आपल्या मुलांच्या हातात नकळत ठेवलं होतं.

त्या जुन्या पावणेचार इंची सैनिकाच्या पाठीत एक बारीक स्क्रू असतो. घड्याळजीचा स्क्रू-ड्रायव्हर लावून तो काढला की छाती आणि पाठ अशा दोन शिंपल्या सुटतात, आणि डोकं, दोन्ही हात मोकळे होतात. आत एक काळी रबरी रिंग दिसते. तिनंच धड आणि पाय एकमेकांना धरून ठेवलेले असतात, म्हणून कंबर वळते. वर्षं गेली की हे रबर कडक होऊन तुटतं आणि सैनिकाचे कमरेतून दोन तुकडे होतात. पुष्कळ घरांतले असे सैनिक ‘मोडला’ म्हणून फेकले गेले. खरं तर त्या मापाची रिंग नागदेवी स्ट्रीटवरच्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळू शकते. ती बदलली की गडी पुन्हा उभा. अवयवांची अदलाबदलही याच रचनेमुळे सोपी होते. नव्या पुतळ्यांना स्क्रू नसतो, त्यांचे सांधे दाबून बसवलेले असतात. त्यांना अर्धा मिनिट कढत पाण्यात धरायचं, प्लॅस्टिक मऊ पडतं, डोकं अलगद निघतं. पुन्हा बसवल्यावर गार पाण्यात बुडवायचं.

कच्चा माल कुठून आणायचा, हा प्रश्न अलीकडे अवघड झाला आहे. 2020 च्या फेब्रुवारीत खेळण्यांवरचं आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70 टक्के. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का सक्तीचा झाला. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शिक्का योग्यच आहे, पण परदेशी पुतळे महागले हेही खरं. म्हणून अनुभवी माणूस नवीन डबा फोडत नाही. तो चोरबाजारात मटण स्ट्रीटच्या आसपास फिरतो आणि हातपाय नसलेली, उन्हानं पिवळी पडलेली खेळणी गोळा करतो. गिरगावातून तिथे चालत जाता येतं. मोडक्या खेळण्यावर हात बसवणं चांगलंच. बिघडलं तरी जीव हळहळत नाही.

जोडकामाला लागणारी सगळ्यात मोलाची वस्तू प्रत्येक प्लंबरच्या पिशवीत असते : एम-सील. दोन गोळ्या सारख्या प्रमाणात घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळायच्या. सुरुवातीला ते चिकट असतं, थोड्या वेळानं शाडूसारखं वळतं. बोटाला आणि कोरणीला पाणी लावत राहिलं की त्यातून पागोट्याचा पीळ, शेल्याची चुणी, मिशीचा आकडा घडवता येतो. वाळल्यावर ते दगडासारखं होतं, मग पॉलिश पेपरनं घासायचं. परदेशी सैनिकाचा मावळा करायचा असेल तर काम इथूनच सुरू होतं. हेल्मेट तासून काढायचं, त्यावर पागोटं चढवायचं, छातीवरचे खिसे घासून सपाट करायचे, कमरेला शेला गुंडाळायचा, हातात बंदुकीऐवजी ढाल आणि धोप द्यायची. धोप सरळ पात्याची असते, हे विसरून पुष्कळजण वाकडी तलवार देतात. पोशाखाचा अंदाज हवा असेल तर भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जावं. 1872 मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या या संग्रहालयात मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांचे पोशाख दाखवणारे मातीचे छोटे पुतळे आहेत. ते शिवकाळातले नाहीत, पण कापड अंगावर कसं बसतं आणि पागोटं कपाळावर किती उतरतं, हे त्यांच्याकडून शिकता येतं. मी कुणाही नवशिक्याला आधी तिथे पाठवेन.

आता रंग. पुतळा आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा, कारण साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं तेल आणि हातांचा घाम दोन्ही रंगाला धरू देत नाहीत. जुना रंग काढायला नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नये. त्यातलं अॅसिटोन कडक प्लॅस्टिक विरघळवतं आणि चेहऱ्याचा चिखल होतो. फार जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसं असू शकतं. त्यांना कोरडं घासू नये, पाण्याखाली घासावं, तोंडाला मास्क लावावा आणि लहान मुलांना लांब ठेवावं. ऑइलचे, म्हणजे एनॅमलचे रंगही टाळावेत. मऊ प्लॅस्टिकमध्ये जो नरमपणा आणणारा द्रव मिसळलेला असतो तो या रंगाला पुरता सुकू देत नाही, आणि महिन्यांनंतरही पुतळा बोटाला चिकटतो. अॅक्रिलिक रंग पातळ करून एकावर एक हात देणं उत्तम. जाड एक हात दिला की डोळ्यांच्या खाचा, ओठांची कड, बोटांमधल्या फटी सगळं बुजतं. सांधे रंगवण्याआधी घासून किंचित सैल करावे लागतात, नाहीतर पहिल्यांदा कोपर वाकवताच रंगाची साल निघते.

या रंगांचं गिरगावाशी जुनं नातं आहे. दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांच्या बंधूंनी 1931 मध्ये शाईच्या पुडीचा आणि गोळ्यांचा जो धंदा गिरगावात सुरू केला, त्याचंच पुढे कॅमलिन झालं. पुढच्या पिढीतले सुभाष दांडेकर ग्लासगोला रंगांचं रसायनशास्त्र शिकून आले आणि चित्रकारांसाठीचे रंग इथे बनायला लागले. आज कस्टम करणारा मुलगा कॅमलचं अॅक्रिलिक पिळतो तेव्हा तो आपल्याच गल्लीतली वस्तू वापरत असतो.

त्या नळ्यांतून त्वचेचा रंग मिसळताना माझा एक हट्ट आहे. कारखान्यातून येणारी बहुतेक माणसं गुलाबी असतात. किल्ल्यावरचे मावळेही तसेच येतात, आणि गव्हाणीपुढचे मेंढपाळसुद्धा. सह्याद्रीच्या उन्हात चढणारा माणूस असा नसतो. बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर एकत्र करावा, उजळ करायला थोडा पांढरा, आणि भडकपणा मारायला अल्ट्रामरीन निळ्याचा नुसता टिपका. गालाची हाडं, नाकाचा शेंडा, कपाळ इथे किंचित फिकट. डोळ्यांखाली, मानेखाली, कानामागे गडद. मग तपकिरी रंगाचं अगदी पातळ पाणी चेहऱ्यावर सोडायचं. ते आपोआप खाचांत उतरतं आणि चेहरा बोलायला लागतो. असा सावळा मावळा एकदा किल्ल्यावर ठेवला की शेजारचे गुलाबी मावळे डोळ्यांना खुपतात.

डोळ्यांची बात वेगळी आहे. कारखान्यात डोळे हातानं रंगवत नाहीत. कोरलेल्या पट्टीवरची शाई सिलिकॉनचा मऊ गोळा उचलतो आणि चेहऱ्यावर दाबतो, अशी हजारो डोकी एका पाळीत निघतात. गोळा केसभर सरकला तर बुबुळ नाकाकडे जातं, आणि म्हणून कित्येक नामवंत वीर चकणे दिसतात. इथेच आपले मूर्तिकार सगळ्यांच्या पुढे आहेत. लालबाग-परळच्या कारखान्यांत पितांबराला, दागिन्यांना, पाटाला कुणीही रंग देतो, पण डोळ्यांची आखणी ठरलेल्या जाणत्या हाताचीच असते. तो हात बघावा. करंगळी मूर्तीच्या गालापाशी टेकलेली, ब्रश उभा, रेघ ओढताना श्वास धरलेला. आधी पांढरं, मग वरच्या पापणीची रेघ, मग बुबुळ, शेवटी प्रकाशाचा ठिपका. दोन्ही डोळ्यांचा एकेक टप्पा सोबतच, एक डोळा पुरा करून दुसऱ्याकडे जाणं नाही. त्यामुळे नजर एका बिंदूवर मिळते.

हीच रीत चार इंची पुतळ्याला जशीच्या तशी लागू पडते. तिथे डोळा तांदळाच्या कणीपेक्षाही लहान असतो, म्हणून दोन्ही कोपरं टेबलावर टेकवायची, मनगटं एकमेकांना लावायची आणि तीन शून्यांचा ब्रश घ्यायचा. बुबुळ पांढऱ्याच्या मधोमध तरंगत ठेवलं तर माणूस दचकलेला दिसतो. ते वरच्या पापणीला चिकटलेलं आणि थोडं झाकलेलं हवं. रेघ चुकली तर पुसत बसू नये, सुकू द्यावी आणि त्वचेच्या रंगानं बाहेरून कापत आणावी. बाहुल्यांचे चेहरे पुसून नव्यानं रंगवणाऱ्या मुलीही हेच करतात, आणि त्यांचं काम अनेकदा मुलग्यांपेक्षा नाजूक उतरतं.

शेवटचा हात मॅट वार्निशचा. तो मुंबईत पावसाळ्यात देऊ नये. हवेतला दमटपणा फवाऱ्याबरोबर आत अडकतो आणि पुतळ्यावर पांढुरकी बुरशी आल्यासारखा थर बसतो. कोरड्या दिवशी पुन्हा एक हात दिला तर कधी कधी तो जातो, पण भरवसा नसतो. ब्रशनं लावायचं वार्निश त्या मानानं सुरक्षित. म्हणजे गणपतीच्या दिवसांत घडवणं आणि घासणं उरकावं, रंग नवरात्रात द्यावा आणि वार्निश दिवाळीच्या कोरड्या हवेत.

खोताची वाडी या कामाला एक मोठं उदाहरण देते. दादोबा वामन खोत यांच्या जमिनीवर वसलेल्या या वाडीत एकेकाळी पासष्टच्या आसपास घरं होती असं सांगतात, आज निम्म्याहून कमी उरली आहेत. बाहेरून चढणारे लाकडी जिने, नक्षीचे कठडे, कौलं आणि पिवळ्या-निळ्या-तांबड्या भिंती अजून दिसतात, कारण तिथली माणसं सडलेली फळी बदलतात आणि पुन्हा रंगाचा हात देतात. जे जुनं आहे ते टाकायचं नाही, उघडायचं, नीट करायचं आणि आपल्या पसंतीचा रंग द्यायचा, ही सवय या परिसराच्या अंगात आहे. पाच-दहा मिनिटांवरच्या केशवजी नाईक चाळीत 1893 पासून सार्वजनिक गणपती बसतो, तोही अजून लहान मूर्तीचाच. मोठ्या उंचीच्या स्पर्धेत न पडता लहान मूर्ती नीट करण्याला इथे मान आहे.

मला म्हणूनच वाटतं की चाळींच्या किल्ले-स्पर्धांत बुरुज आणि तटबंदीबरोबर मावळ्यांच्या रंगकामालाही गुण असावेत. विकत आणलेली चित्रं जशीच्या तशी मांडण्यापेक्षा मुलांनी ती आधी पांढरी करून स्वतः रंगवावीत. मातीच्या मावळ्याला खर्च फार येत नाही : अॅक्रिलिकच्या सहा नळ्या, शून्य आणि तीन शून्यांचे दोन ब्रश, एम-सीलचं एक पाकीट, पॉलिश पेपरचा तुकडा. माती रंग पिते, म्हणून पहिला पांढरा हात पातळ द्यावा आणि रात्रभर सुकू द्यावा. दुसऱ्या दिवशी कपडे, तिसऱ्या दिवशी चेहरा. आणि आखणीच्या वेळी शक्य असेल तर वाडीतल्या एखाद्या गणपती रंगवणाऱ्या काकांना शेजारी बसवून घ्यावं. भाद्रपद उलटला की त्यांना सवड असते, आणि कुणी शिकायला आलं तर ते नाही म्हणत नाहीत.