भिंतीवरचे बाशिंग

दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात आमच्या मीरा रोडच्या घरी डेंग्यूचा ताप आला. आधी मुलाला, मागोमाग सासूबाईंना. बऱ्या होऊन परतल्यावर त्यांनी गॅलरीतील कुंड्यांखालच्या ताटल्या उचलून पाहिल्या. स्वच्छ साचलेल्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण ८ ते १० दिवस पुरतात, हे वाचून ठाऊक होते. आपल्याच गॅलरीत ते घडत असेल, असे मात्र वाटले नव्हते. “आता घरात एकही कुंडी नको,” असे सासूबाईंनी बजावले. त्यांना विरोध करण्याजोगे माझ्यापाशी काहीच नव्हते.

कुंडीवाचून हिरवाई कशी राखावी, याचे उत्तर पुढच्या वर्षी सोसायटीच्या आंब्याने दिले. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत खाली आलेल्या एका फांदीवर बाशिंग वाढलेले होते. बाशिंग अथवा वांदरबाशिंग, म्हणजेच ड्रायनेरिया क्वर्सिफोलिया, ही नेच्यांच्या वर्गातील अपिवनस्पती होय. ती झाडाच्या आधाराने राहते. परंतु बांडगुळासारखा त्याचा रस शोषत नाही.

तिची पाने दोन प्रकारची असतात. एक प्रकार हिरव्या, लांब, खोलवर कातरलेल्या पानांचा. दुसरी पाने आखूड व रुंद असून खोडाला बिलगून कौलांप्रमाणे एकावर एक चढतात. ती लवकरच तपकिरी होतात, पण गळत नाहीत. त्यांच्या खोबणीत पालापाचोळा आणि ओलावा साठतो, कुजतो आणि मुळांना तेच अन्न मिळते. नवखा माणूस ही पाने वाळली म्हणून कापून टाकतो आणि रोपाचे कोठारच रिकामे करतो. ती चूक आपण करू नये.

बाशिंग घरी लावणे कठीण नाही. लाकडाची एक जाड फळी घ्यावी. तिच्यावर नारळाचे भिजवलेले सोडण ठेवून त्यावर लवदार, मांसल कंद टेकवावा आणि तंगुसाने हलकेच बांधावा. कंद पुरू नये, त्याचे वाढते टोक मोकळे राहू द्यावे. कोवळे ऊन व खेळती हवा मिळेल तेथे फळी टांगावी. भिंत आणि फळी यांमध्ये दोन बोटे अंतर ठेवल्यास भिंतीला बुरशी धरत नाही. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा फळी बादलीत १० मिनिटे बुडवावी, पूर्ण निथळू द्यावी आणि बादली लगेच रिकामी करावी. पावसाळ्यात हवेतील दमटपणावरच बरेचसे भागते. कडक उन्हाळ्यात हिरवी पाने झडून नुसत्या शिरा उरल्या, तरी घाबरू नये. कंद टणक असेल, तर पावसाबरोबर नवी पाने फुटतात.

काही पथ्ये मात्र पाळावीत. आपल्या शहराला लागूनच सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तेथून रोप उपटून आणणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. रोपवाटिकेत वाढवलेले रोप घ्यावे किंवा छाटलेल्या फांदीवरचा तुकडा वाचवावा. लोकवैद्यकात या कंदाचा उपयोग सांगितला जातो, म्हणून घरच्या घरी काढे करू नयेत. घरातील रोपे हवा शुद्ध करतात, या समजावरही विसंबू नये. १९८९ मध्ये नासाने प्रसिद्ध केलेले प्रयोग बंदिस्त पेट्यांतील होते. आपल्या घरात ते काम उघडी खिडकीच अधिक चांगले करते.

आमच्याकडे शनिवार हा कोरडा दिवस असतो. पिंप, बादल्या, फ्रीजमागचा ट्रे सारे रिकामे करून आतून घासले जाते, कारण एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असतानाही महिनोन्‌महिने टिकतात. हे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे. सर्वांत शेवटी त्या बाशिंगाची फळी खाली उतरवतात, तपकिरी पानांमागे वाळलेला पाला सारतात आणि ती निथळेपर्यंत शेजारी बसून राहतात. कुंडी अजूनही घरात येऊ देत नाहीत. दुसऱ्या फळीसाठी मात्र सोडण त्यांनीच भिजत घातले आहे.